व्याह्यांचा हत्ती

माझ्या व्याह्यांइतका छळवादी सज्जन उभ्या रायगड जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो कुणाचा व्याही होऊ नये, एवढंच माझं देवाकडे मागणं आहे. मुलगी त्यांच्या घरात सुखात आहे, जावई निर्व्यसनी आहे, विहीणबाई तर गायीसारख्या गरीब. पण या सगळ्या सुखाची भरपाई मी गेली कित्येक वर्षं हातात फावडं धरून करतो आहे. मी पेणचा. गणपतीचा कारखाना आहे माझा. आमच्याकडे मूर्ती घडवायच्या शेडला कारखानाच म्हणतात. चाळीस वर्षं मी गणपतींचे डोळे आखत आलो. डोळे आखणारा माणूस कारखान्यात मानाचा असतो. त्याला कुणी साधी पाण्याची बादली उचलू देत नाही, न जाणो उद्या हात थरथरला तर. तोच मी रोह्याला लेकीकडे गेलो की खताच्या पाट्या वाहतो. का, तर माझ्या व्याह्यांनी घराजवळची नगरपरिषदेची बाग सांभाळायला घेतली आहे. घेतली आहे म्हणजे त्यांना ती कुणी दिलेली नाही. नेमणूक नाही, ठराव नाही, काही नाही. कंपनीतून रिटायर झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते झारी घेऊन बागेत गेले आणि समोर दिसेल त्याला ओरडायला लागले, बस्स. हळूहळू लोकांना वाटायला लागलं की ज्या अर्थी हा माणूस एवढा ओरडतो आहे त्या अर्थी त्याला अधिकार असणार.

खरं तर लग्नाच्या बोलणीच्या वेळीच मी सावध व्हायला हवं होतं. आमच्या बाजूनं माझे थोरले भाऊ, मुलीचे मामा अशी वजनदार मंडळी बसली होती. पोहे झाले, चहा झाला, आणि मानपानाचा विषय निघाला तशी माझ्या बायकोनं पदर सावरून माझ्याकडे काळजीनं बघितलं. व्याही म्हणाले, "आम्हाला काय नको. आहेर नको, कपडे नको, काय नाय. फक्त एक ट्रॅक्टर शेणखत पाठवा. चांगलं कुजलेलं. तुमच्या पेणकडे गुरं हायत अजून, इकडे गुरं राखणारे सगळे कंपनीत गेले." सगळी बैठक हसली. मीही हसलो. किती मोकळ्या मनाचा माणूस मिळाला, असं घरी येऊन बायकोला म्हणालोसुद्धा. साखरपुडा झाला आणि पुढच्याच आठवड्यात फोन आला, "व्याही, त्या खताचं कुठपर्यंत आलं?" मी मुलीचा बाप. मुलीच्या बापानं व्याह्याला नाही म्हणायचं नसतं, हे आमच्या आईनं माझ्या डोक्यात लहानपणापासून भरवलेलं. तेव्हा लग्नाच्या दिवशी पुढं वऱ्हाडाची बस आणि मागं शेणखताचा ट्रॅक्टर अशी आमची वरात पेणहून निघाली. नागोठण्याला चहाला थांबलो तर हॉटेलवाल्यानं विचारलं, "मागचा पण तुमच्यातलाच काय?" माझी बहीण मला त्यावरून अजून बोलते. कार्यालयाच्या दारात व्याहीभेट झाली. दोन्ही व्याह्यांनी एकमेकांना कडकडून मिठी मारायची असते, तशी आम्ही मारली. लोकांचे डोळे पाणावले. व्याही माझ्या खांद्यावरून ट्रॅक्टरकडे बघत होते आणि माझ्या कानात म्हणाले, "ओलं दिसतंय जरा."

तेव्हापासून आजतागायत मी रोह्याला पाहुणा म्हणून गेलेलो नाही. सकाळच्या गाडीनं निघायचं, निडी स्टेशन गेलं की बाहेर बघत बघत मनाची तयारी करायची, आणि स्टेशनवर उतरलं की जावयाच्या मोटरसायकलवरून घरी न जाता थेट बागेत. "आलात? बरं झालं. ही पाटी धरा." चहाचं नाव नाही. लेकीकडे तक्रार केली तर ती म्हणते, "बाबा, तुम्ही एकदा नाही म्हणून तर बघा त्यांना." ही आजकालची मुलं. व्याह्याला नाही कसं म्हणतात हे तिनंच एकदा म्हणून दाखवावं की. ती स्वतः रोज संध्याकाळी सासऱ्यांच्या मागे पाइप धरून उभी असते.

आता बाग म्हणाल तर ती काही मोठी नाही. एक जुनी बकुळ, दोन सोनचाफे, चार झोपाळे, त्यातले दोन चालू, कडेनं चालायची वाट आणि मधोमध सिमेंटचा हत्ती. पण या एवढ्याशा जागेवर वर्षातून दोनदा सुशोभीकरण येतं. सुशोभीकरण हा शब्द व्याह्यांसमोर कुणी काढला की विहीणबाई मुकाट्यानं रक्तदाबाची गोळी शोधायला लागतात. मलाही पूर्वी तो शब्द बरा वाटायचा, पण व्याह्यांच्या संगतीनं माझ्याही अंगाचा तिळपापड होतो. एकदा नगरपरिषदेच्या माणसांनी येऊन सगळ्या मातीवर पेव्हर ब्लॉक बसवले आणि बकुळीच्या गळ्यापर्यंत सिमेंट ओतून ठेवलं. अहो, झाड आहे का खांब? व्याह्यांनी घरातून पहार आणली आणि भर दुपारी ते सिमेंट फोडायला घेतलं. पाटी धरायला अर्थातच मी. नगरपरिषदेच्या ऑफिसातून एक माणूस धावत आला, म्हणाला, "काका, ही सरकारी मालमत्ता हाय." व्याही पहार न थांबवता म्हणाले, "झाडपण सरकारीच हाय. ते मेलं तर मी केस कोणावर टाकू?" त्या माणसानं सिमेंटचे तुकडे बाजूला करायला सुरुवात केली. दुसऱ्या वेळी नवीन बाक आले. त्यांचं उद्घाटन व्हायचं होतं, आणि उद्घाटनाला मोठ्या साहेबांची तारीख मिळेना, म्हणून बाक प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेले. म्हातारी माणसं रोज संध्याकाळी येऊन त्या गुंडाळलेल्या बाकांसमोर उभ्यानं गप्पा मारायची, आणि यात काही चुकतंय असं गावात कुणालाही वाटत नव्हतं, याचा मला खरा संताप येतो. व्याह्यांनी एके दिवशी प्लास्टिक टराटरा फाडलं, नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून पूल ओलांडून येणाऱ्या एका आजीबाईंना बाकावर बसवलं, त्यांच्या हातात नारळ दिला आणि म्हणाले, "फोडा आजी. झालं उद्घाटन."

पण या सगळ्यापेक्षा मोठं युद्ध फुलांचं. रोज पहाटे एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात आकडीची काठी घेऊन एक नाना बागेत यायचे. घरात देव किती असतील कोण जाणे, पण नानांची पिशवी भरल्याशिवाय जास्वंदीची सुटका नसे. कळ्यासुद्धा सोडायचे नाहीत. म्हणे देवघरात उमलतात. व्याही त्यांना गाठायला दर दिवशी थोडे आधी जायचे आणि नाना त्यांच्याही आधी यायचे. "नाना, चोरीची फुलं देव कसा घेतो हो?" असं विचारलं तर नाना शांतपणे म्हणायचे, "देवाचंच हाय सगळं." शेवटी व्याह्यांनी डोकं लढवलं. जास्वंदी उपटल्या आणि देवाला न चालणारी झाडं लावायची मोहीम काढली. भटजींना गाठून गाठून विचारायचे, हे चालतं का, ते चालतं का. भटजी म्हणाले, मनोभावे वाहिलं तर सगळंच चालतं. व्याही भडकले. अखेर त्यांनी बोगनवेल, क्रोटन आणि निवडुंग लावले, आणि तीन-चार दिवसांनी बघतात तर नाना बोगनवेलीखाली आकडी घेऊन उभे. "हल्ली बाप्पाला गुलाबी आवडतं," नाना म्हणाले. व्याह्यांनी त्या दिवशी मला पेणला फोन करून तासभर ऐकवलं, जणू काय बाप्पाच्या आवडीनिवडी मी ठरवतो.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस नुसता व्याह्यांची उणीदुणी काढतो. केमिकलच्या कंपनीत शिफ्टमध्ये आयुष्य गेल्यामुळे म्हणा किंवा कशामुळे म्हणा, व्याह्यांच्या नाकाला वास कळत नाही. अजिबात नाही. बकुळीचा सडा पडलेला असतो, सोनचाफा रस्त्यापर्यंत घमघमतो, आणि त्यात उभ्या असलेल्या या गृहस्थाला त्यातलं काही पोचत नाही. म्हणून ते येणाऱ्याजाणाऱ्याला पकडतात. भाजी घेऊन चाललेल्या बाईला थांबवतात, "ताई, वास येतोय का? कालच्यापेक्षा जास्त की कमी?" लोकांना घाई असते, लोक म्हणतात, "येतोय येतोय." एवढ्यावर भागत नाही त्यांचं. मला तर जवळ उभं करून सगळं नीट सांगायला लावतात, आणि मी सांगत असताना डोळे मिटून ऐकतात. मला या कामाचा राग यायला हवा, पण येत नाही. पाट्या वाहण्याचा मात्र येतो.

तर हत्ती. तो सिमेंटचा हत्ती म्हणजे घसरगुंडी. शेपटीकडून जिना चढायचा, पाठीवर बसायचं आणि सोंडेवरून सुळ्ळकन खाली. रोह्यातली निम्मी माणसं लहानपणी त्या सोंडेवरून घसरलेली आहेत. माझी नातदेखील त्यावरच मोठी झाली. पण रंग उडाला होता, कान झिजले होते, आणि डोळे तर पार गेले होते. एके वर्षी दिवाळीनंतर व्याही म्हणाले, "व्याही, तुमचा सीझन संपलाय. हत्तीला जरा रंग मारा. डोळे काढा. पोरं आंधळ्या हत्तीवर बसतात, बरं नाय वाटत." मी मुलीचा बाप. मी पेणहून चांगला टिकाऊ ऑइलपेंट घेऊन गेलो, राखाडी रंग मारला, आणि मग माझे बारीक ब्रश काढून डोळे आखायला बसलो. आता तुम्हीच सांगा, ज्या हातानं चाळीस वर्षं एकच नजर आखली, तो हात दुसरी नजर कुठून आणणार? आमच्या धंद्यात म्हणतात, गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की गणपतीनं त्याच्याकडे बघितलं पाहिजे. मी आखले ते डोळे तसेच झाले. शांत, थोडे खाली झुकलेले, समोरच्याचं सगळं माहीत असलेले. काम संपवून मी खाली उतरलो, मागे वळून बघितलं, आणि खोटं का बोलू, मला माझाच अभिमान वाटला. लोक म्हणतात, करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. माझं उलटं झालं. मी करायला गेलो हत्ती.

दुसऱ्या दिवशी पहाटे नाना आकडी घेऊन आले आणि हत्तीनं त्यांच्याकडे बघितलं. नाना थबकले. इतक्या वर्षांत व्याह्यांच्या आरडाओरड्यानं जे झालं नाही ते त्या डोळ्यांनी केलं. नानांनी पिशवीतली फुलं काढली आणि सोंडेशी वाहिली. झालं. संकष्टीला तिथं दूर्वा दिसल्या, मग उदबत्ती, मग कुणीतरी गुळाचा खडा ठेवला आणि मुंग्या आल्या. बायका जाता येता नमस्कार करायला लागल्या. आणि एके दिवशी एका आईनं सोंडेवरून घसरणाऱ्या आपल्या पोराच्या पाठीत धपाटा घातला, "देवाच्या सोंडेवरून घसरतोस रे?" त्या दिवसापासून हत्तीवर पोर चढेना. पोरं बागेत यायची, हत्तीकडे बघायची आणि झोपाळ्याच्या रांगेत जाऊन भांडायची. नातीनं मला फोनवर विचारलं, "आजोबा, तुम्ही आमचा हत्ती देवाला देऊन टाकला?"

व्याह्यांचा संताप म्हणजे बघायला नको. ते रोज सकाळी फुलं, गूळ, उदबत्तीच्या काड्या झाडून काढायचे आणि रोज संध्याकाळी सगळं पुन्हा तिथंच असायचं. फुलं अर्थात बागेतलीच. म्हणजे आता चोरी करून फुलं बाहेर न्यायचेही कष्ट नकोत, इथली तोडा आणि इथंच वाहा. तेवढ्यात माघी गणपती आले. कोकणात भाद्रपदातल्या गणपतीसारखाच माघातलाही दीड दिवसाचा बसवतात. नानांच्या पुढाकारानं हत्तीवर मांडव पडला, भटजी आले, हत्तीलाच गणपती म्हणून बसवून यथासांग पूजा झाली, आरत्या झाल्या, आणि रात्रीच्या महाप्रसादाच्या पंगतीत कुणीतरी विषय काढला की आता इथं कायमचं देऊळ व्हावं. हत्तीभोवती सभामंडप. झोपाळ्यांच्या जागी चपला काढायची जागा. बकुळ मध्ये येते, तर ती काढू. एकजात सगळे माना डोलवायला लागले. बरं, पंगतीला बसलेल्या ऑफिसातल्या माणसांना विचारावं तर ते म्हणाले, लोकभावना आहे, आम्ही काय करणार. पेव्हर ब्लॉक बसवताना लोकभावना विचारायला आले नव्हते हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं व्याही पेणला कारखान्यात हजर. मुलीच्या सासऱ्यांनी न कळवता घरी यावं ही साधी गोष्ट नव्हे. माझ्या बायकोच्या हातातली कपबशी पडली, तिला वाटलं लेकीचं काही बरंवाईट झालं. व्याही दारातूनच म्हणाले, "तुम्ही डोळे दिलेत. तुम्हीच काढा." माझाही पारा चढला. आयुष्यात पहिल्यांदा मी व्याह्याला वर तोंड करून बोललो. म्हटलं, हत्तीला रंग मारा कोण म्हणालं? डोळे काढा कोण म्हणालं? आणि आखलेला डोळा पुसायचा नसतो. मूर्ती भंगली तरी आम्ही डोळ्याला हात लावत नाही, वाहत्या पाण्यात सोडतो. डोळे उघडणं हे माझं काम, मिटणं नाही. विसर्जनालासुद्धा मी कधी घाटावर जात नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे का? कारखान्यात चहूकडे कच्च्या मूर्ती, त्यांच्यामध्ये एका स्टुलावर ते बसले होते आणि पायाशी बघत होते. मग हळूच म्हणाले, "दीड दिवस आज संपतो ना, व्याही?" मी म्हटलं, हो, आज दुपारी. "मग त्यांनी बसवलाय तो जाणार की नाय?"

मला कळायला एक क्षण लागला. मग मी ब्रश घेतला, राखाडी रंगाचा डबा घेतला आणि आम्ही दोघं परतीच्या गाडीत बसलो.

बागेत पोचलो तेव्हा मांडवात गर्दी होती. व्याही थेट भटजींसमोर जाऊन उभे राहिले. ओरडले नाहीत. म्हणाले, "भटजी, काल संकल्प सोडलात तो किती दिवसांचा?" भटजींनी कान खाजवला. "माघीचा, म्हणजे दीड दिवसाचाच." "मग दुपार झाली. उत्तरपूजा करा." नाना पुढं झाले, म्हणाले देऊळ व्हायचंय इथं, उत्तरपूजा कसली. व्याही म्हणाले, "नाना, तुमच्या घरी भाद्रपदात गणपती येतो, तुम्ही त्याला ठेवून घेता? कितीबी लळा लागला तरी दीड दिवसानं पोचवता ना? पाहुणा आणला तर त्याला त्याच्या घरी जाऊ द्यायचं असतं. तुम्ही याला पाहुणा म्हणून बसवलात. आता अडकवून ठेवता?" आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती दुसऱ्या दिवशी अडवून धरायची कुणाची छाती नाही. व्याह्यांनी मग नानांनाच यजमान म्हणून पाटावर बसवलं, म्हणाले तुमचाच मान. नाना फुशारले आणि बसले. उत्तरपूजा झाली. दहीपोह्यांचा नैवेद्य झाला. भटजी शेवटी "पुनरागमनाय च" म्हणायला लागले तसे व्याही दचकले आणि त्यांच्या कानाशी लागले, "तेवढं गाळता नाय का येणार? परत बोलावू नका." भटजी म्हणाले, मंत्र अर्धा सोडता येत नाही. मग भाद्रपदात घरोघरी येऊ दे, इथं नको, असं व्याह्यांनी हात जोडून हत्तीलाच सांगितलं.

एवढा मोठा सिमेंटचा हत्ती नदीवर कोण नेणार. तेव्हा डोळे मिटले की विसर्जन झालं, असं सर्वांनुमते ठरलं, आणि सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी रंगाचा डबा उघडला. जिन्यावरून चढून हत्तीच्या कपाळाशी बसलो, ब्रश बुडवला, आणि हात पुढं जाईना. समोर ते डोळे. इतके चांगले डोळे मला पुन्हा जमले असते की नाही, माहीत नाही; वय झालंय, हल्ली रेघ आखताना श्वास रोखून धरावा लागतो. व्याही जिन्याच्या खालच्या पायरीवर डब्याचं झाकण धरून उभे होते. हा माणूस आता म्हणणार, "लावा हात, काय बघताय," अशी मी वाट बघत होतो, म्हणजे मला रागाच्या भरात ते करता आलं असतं. पण ते म्हणाले, "नको वाटत असेल तर राहू द्या, व्याही. मी करतो. माझ्या हातून वाईट होईल, पण करतो." इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच मला नाही म्हणायची मुभा दिली. मी नाही म्हणालो नाही. आधी डावा मिटला, मग उजवा. खाली बायका घाटावर रडतात तशा रडल्या. नाना पंच्यानं तोंड पुसत होते. मी वरच बसून राहिलो, कारण माझी अवस्था दाखवण्यासारखी नव्हती.

आता हत्तीवरून पोरं घसरायला हवीत. पण कुठली आई पाठवणार? सगळ्या आपापल्या पोरांचे हात घट्ट धरून उभ्या. व्याह्यांनी इकडेतिकडे बघितलं, चपला काढल्या, जिना चढून माझ्या मागं येऊन बसले आणि म्हणाले, "चला, व्याही." मी म्हटलं, अहो, माझं वय काय, माझा मान काय, खाली माझी लेक उभी आहे. "चला म्हणतो ना." आणि त्यांनी मागून ढकललं. डोळे मिटताना सोंडेवर ओघळलेला रंग अजून चिकट होता, त्यामुळे मी सोंडेच्या मध्यावर अडकलो. मागून व्याही येऊन आदळले, आणि आम्ही दोघं एकमेकांवर कोलमडत खालच्या वाळूत जाऊन पडलो. माझ्या पँटला राखाडी रंग लागला तो अजून निघालेला नाही. सगळी बाग हसली. नाना पोट धरून हसले. आणि हसण्याच्या त्या गडबडीत कुणाचातरी हात सुटला आणि पोरांची एक झुंड जिन्याकडे धावली. माझी नात सगळ्यांच्या पुढं होती. व्याही वाळूतून उठता उठता तिच्यावरच ओरडले, "चपला काढून चढा, रंग खराब होईल."

देवळाचा विषय पुन्हा निघाला नाही. बकुळ आहे तिथं आहे. व्याही मात्र तसे राहिले नाहीत. गेल्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालता येतं, काठीनं. पण बोलणं गेलं. एक-दोन शब्द येतात, तेही बाहेर पडेपर्यंत समोरचा माणूस निघून जातो. हे असं त्यांच्याच बाबतीत व्हावं याचा मला इतका राग आहे की कुणावर काढावा कळत नाही. गावात वर्षानुवर्षं कुणी ओरडलं नाही, एक माणूस ओरडत होता, तर त्याचाच आवाज न्यायचा? लेक त्यांना रोज संध्याकाळी बागेत आणून बाकावर बसवते. मी आता दर आठवड्याला जातो, आणि कुणी न सांगता पाट्या वाहतो. त्यांच्या वतीनं लोकांवर ओरडायचा प्रयत्नही करतो, पण मला ते जमत नाही. आमच्या कारखान्यात आवाज चढवायची पद्धत नाही. व्याही बाकावरून माझा फजितवाडा बघतात आणि काठी आपटतात.

हत्तीला मी पुन्हा डोळे काढले नाहीत. माझ्या हातून परत तेच झालं असतं. पण परवा बघितलं तर हत्तीला डोळे होते. पोरांनी कोळशानं काढलेले. एक बशीएवढा मोठा, दुसरा बटणाएवढा, आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशेला बघणारे. माझ्या नातीनं अभिमानानं सांगितलं की ते रोज पुसले जातात आणि रोज नवीन पोर नवीन काढतं. भिंतीवर कुणी नाव लिहिलं तरी अंगावर धावून जाणारा हा माणूस, त्यानं हे बागेत चालू दिलं, याचं मला नवल वाटलं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, व्याही, काय हे डोळे, चाळीस वर्षांची माझी आखणी, आणि तुमच्या बागेत हे असले डोळे चालतात होय. त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला. बराच वेळ ओठ हलत राहिले. मग म्हणाले, "हसतोय."

आम्ही दोघं तो चकणा हत्ती बघत बसलो. मला त्यांना सांगायचं होतं की मुलीला कुठलंही दुसरं घर बघितलं असतं तर मला हा माणूस मिळाला नसता. पण व्याह्याला असं काही सांगायची आमच्याकडे पद्धत नाही. मी नुसतं म्हटलं, बकुळीचा वास आज कालच्यापेक्षा जास्त आहे. त्यांनी डोळे मिटले.